यादींतील नांव

ह्या वर्षींच्या अंकासाठीं फुटबॉलच्या खेळावर कांहींतरी लिहावें अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हां आम्हांला प्रथम हसूं आलें. ज्यांनीं आम्हांस मैदानावर पाहिलें आहे त्यांनाही येईल. आमचा धंदा मराठी व इतिहास शिकविण्याचा. व्यायामशिक्षकाची जागा पुष्कळ दिवस रिकामी राहिल्यामुळें शाळेच्या फुटबॉलसंघाचें व्यवस्थापकपद आमच्या गळ्यांत पडलें, आणि तें अद्यापि उतरलेलें नाहीं. चेंडू पायानें कसा अडवावा हें आम्ही मुलांना फळ्यावर आकृति काढून सांगतों. मैदानावर तो आमच्याच पायांखालून निघून जातो. तेव्हां खेळांतील डावपेंचांविषयीं ज्यांस वाचावयाचें असेल त्यांनीं हा लेख येथेंच सोडावा हें बरें. आम्हांस जें थोडें कळतें तें यादीचें. वीस-बावीस वर्षें हजेरीपट हातांत धरल्यावर माणसास दुसरें कांहीं येवो न येवो, नांवांची यादी वाचतां येते. कोणतें नांव कोणत्या गांवचें, कोणाच्या घरीं काय धंदा, आज कोण गैरहजर आहे व कां, हें त्या उभ्या ओळींतूनच शिक्षकाला दिसूं लागतें.

सन २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यांत सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक-स्पर्धा आपल्या देशांत भरली, हें पालकांना आठवत असेलच. ता. ६ पासून ता. २८ पर्यंत ती चालली. दिल्ली, कलकत्ता, कोची, गुवाहाटी, गोव्यांतील मडगांव आणि आपली नवी मुंबई अशीं सहा ठिकाणें. चोवीस देशांचे संघ. प्रत्येक संघांत एकवीस नांवें, त्यांपैकीं तीन गोलरक्षकांचीं. म्हणजे एकंदर पांचशें चार मुलें झालीं. आमच्या हायस्कुलाच्या अर्ध्या पटाएवढीं. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत येणाऱ्या याद्या आम्ही कापून एका जुन्या वहींत चिकटवीत होतों. हीं सगळीं नांवें मोबाइलवर एका बोटानें मिळतात, असें आमच्या चिरंजीवांचें म्हणणें. मिळत असतील, पण कात्री चालवितांना नांव जसें डोळ्यांखालून जातें तसें बोट फिरवितांना जात नाहीं.

पहिली यादी अर्थात् आपल्या देशाची. तिच्यांतील एकवीसांपैकीं आठ नांवें एकट्या मणिपूरचीं होतीं! भिंतीवरच्या नकाशांत बोटाच्या पेराखालीं झांकून जाईल एवढेंसें तें राज्य. पण कर्णधार अमरजित सिंग कियाम तेथला, गोलरक्षक धीरज सिंग मोइरांगथेम तेथला, आणि ज्या उंच मुलाची हकीकत पुढें यावयाची आहे तो जॅक्सन सिंगही तेथलाच. अमरजितची आई इंफाळास जाऊन मासे विकीत असे व जॅक्सनची आई तेथील बाजारांत भाजी विकीत असे. दोघे एकमेकांचे चुलतभाऊ. बंगळूरच्या संजीव स्टालिनची आई रस्त्याच्या कडेला कपडे विकून घर चालवी. ज्या बाजारांतून आपण भाव पाडून वस्तु आणतों त्या बाजाराच्या पाठीमागें एखादें मूल चेंडू मारीत असेल, हें आम्हांस तोंवर कधीं सुचलें नव्हतें.

यादींत एक नांव आपल्या कोल्हापूरचें होतें, अनिकेत जाधव. त्याचे वडील रिक्षा चालवीत. कोल्हापूरचें नांव पाहून पुण्यामुंबईच्या लोकांस नवल वाटलें; कोल्हापूरकरांस मुळींच वाटलें नाहीं. तेथें कुस्तीच्या तालमींच्या नांवांनीं फुटबॉलचे संघ चालतात, व शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील चुरस पाहावयास जी गर्दी लोटते तशी आमच्या जिल्ह्यांत फक्त जत्रेला लोटते. आणखी एक मराठी आडनांव होतें, नमित देशपांडे. हा मुलगा मुंबईंत जन्मलेला, आईबापांबरोबर लहानपणींच अमेरिकेस गेलेला, आणि खेळण्यासाठीं परत आलेला. सनी धालीवाल नांवाचा गोलरक्षक कॅनडांत वाढलेला होता. एकाच संघांत इंफाळचा बाजार, कोल्हापूरची पेठ व अमेरिकेंतील न्यू जर्सी! प्रशिक्षक होते पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डि मातोस. सरावाच्या वेळीं ह्या मंडळीचें एकमेकांशीं बोलणें कोणत्या भाषेंत होत असेल, ह्याचा विचार आमच्यांतील भाषाशिक्षक अजूनही करीत असतो.

सामन्यांचें वृत्त थोडक्यांत सांगतों, कारण तें फारसें सुखाचें नाहीं. अमेरिकेनें तीन गोलांनीं हरविलें, घानानें चार गोलांनीं. मध्यें ता. ९ ऑक्टोबरला कोलंबियाशीं जो सामना झाला तो मात्र विसरतां येत नाहीं. कोलंबिया एका गोलानें पुढें. ब्यायशीं मिनिटें झालेलीं. स्टालिननें कोपऱ्यावरून चेंडू टाकला, जॅक्सन गर्दींतून उसळला आणि त्यानें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषक-स्पर्धेंत भारताच्या नांवावर लागलेला तो पहिला गोल! आमच्या घरांत आरडाओरड झाली. शेजारच्या आजीबाई कोणास विंचू चावला म्हणून धांवत आल्या. त्यांना सविस्तर सांगावें म्हणून आम्ही दाराकडे वळलों, तों पुढच्याच मिनिटाला कोलंबियानें दुसरा गोल केला होता. आजीबाई म्हणाल्या, “मग ओरडतां कशाला?”

पूर्वींची एक गोष्ट मुलांनीं ह्या ठिकाणीं लक्षांत ठेवावी. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा जो पहिला संघ फ्रान्सशीं खेळला, त्यांतील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. एकास दोन गोलांनीं ते हरले, तेंही दोन पेनल्टी फुकट गेल्यामुळें. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा प्रदेशांतील एका पाळकाचे चिरंजीव. पुढें ते डॉक्टर झाले व आपल्याच डोंगरी मुलखांत त्यांनीं रोग्यांची सेवा केली. १९५० च्या विश्वचषकाला जाण्याची संधि आली असतां आपला संघ गेला नाहीं. म्हणजे जॅक्सनच्या त्या एका गोलासाठीं मध्यें सदुसष्ट वर्षें गेलीं.

तर ह्या जॅक्सनची नोंद यादींत फार उशिरां झाली. निवडलेला संघ देशोदेशीं सराव करीत असतां तो त्यांत नव्हताच. पंजाबांतील मिनर्व्हा अकादमीच्या मुलांशीं एक सरावाचा सामना झाला, त्यांत ह्या राष्ट्रीय संघालाच हार खावी लागली. तेव्हां जिंकणाऱ्यांतील कांहीं मुलें संघांत घेण्यांत आलीं, त्यांत हा होता. वर्तमानपत्रांनीं ही गोष्ट मोठ्या कौतुकानें छापली, आणि ती कौतुकाचीच आहे. परंतु यादी लिहिणाऱ्या माणसाला दुसरीही बाजू दिसते. एकवीसांच्या यादींत बाविसावी ओळ नसते. जितकीं नवीं नांवें आंत आलीं तितकींच जुनीं बाहेर गेलीं असलीं पाहिजेत. दोन-तीन वर्षें घर सोडून राहिलेल्या त्या मुलांचीं नांवें आमच्या वहींत नाहींत, कारण तीं कोणत्याच कात्रणांत आलीं नाहींत.

परदेशच्या याद्यांतही अशा मोकळ्या जागा होत्या. ब्राझीलच्या पहिल्या यादींत विनिसियस नांवाचा मुलगा होता. त्याच्या क्लबानें त्याला सोडलें नाहीं, आणि तो हिंदुस्थानांत आलाच नाहीं. आज त्याचें नांव फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडीं आहे. इंग्लंडच्या जेडन सँचोला त्याच्या जर्मन क्लबानें साखळीच्या तीन सामन्यांनंतर परत बोलाविलें. उलट न्यू कॅलेडोनिया हें पॅसिफिक महासागरांतील बेट पहिल्यानेंच अशा स्पर्धेंत आलें होतें. फ्रान्सनें त्यांना सात गोल मारले, होंडुरासनें पांच. आणि शेवटच्या सामन्यांत ह्याच मुलांनीं बलाढ्य जपानला एक-एक असें बरोबरींत रोखलें. सामना संपल्यावर जणूं विश्वचषकच हातीं आल्यासारखा त्यांना आनंद झाला. सात व पांच मिळून बारा गोल खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशीं तितक्याच उमेदीनें बूट बांधावयाचे, हें आमच्या मतें विजेत्या इंग्लंडच्या पराक्रमाहून कमी नाहीं. इंग्लंडनें अंतिम सामन्यांत स्पेनला पांच विरुद्ध दोन असें हरविलें, तेंही आधीं दोन गोल खाऊन. पण तें सर्वांनीं पाहिलेंच आहे.

आतां त्या याद्यांतील ज्या रकान्याकडे बाकीचे लोक ढुंकूनही पाहात नाहींत, त्याकडे वळतों. तो रकाना जन्मतारखेचा. नियम असा होता कीं, खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० रोजीं किंवा त्यानंतर झालेला असावा. हा नियम लिहावयास सोपा, पाळावयास कठीण. जगांतील पुष्कळ देशांत जन्माची नोंद वेळच्या वेळीं होत नाहीं. आणि जेथें होते तेथेंही कागद पाहिजे तसा करून घेणारे भेटतात. म्हणून २००९ सालापासून ह्या स्पर्धेंत मनगटाची चाचणी सुरू झाली. एम. आर. आय. नांवाच्या चुंबकीय यंत्रानें मनगटाचें चित्र घेतात. अंगठ्याच्या बाजूस जें हाड कोपरापासून मनगटापर्यंत येतें, त्याच्या टोकाशीं वाढत्या वयांत कूर्चेचा एक मऊ थर असतो, व हाड त्या ठिकाणीं वाढतें. वाढ पुरी होत आली कीं तो थर हळूहळू हाडांत मिळून जातो. तो संपूर्ण मिटलेला दिसला, तर मुलगा सतरा वर्षांखालील असण्याचा संभव शंभरांत एकाहूनही कमी. पहिल्याच वर्षीं यजमान नायजेरियाला ह्या चाचणीमुळें पंधरा खेळाडू गाळावे लागले, आणि तरीही तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला! मात्र एक गोष्ट विसरूं नये. थर मिटला नाहीं म्हणून मुलगा वयानें बसतोच असें ह्या चाचणीनें सिद्ध होत नाहीं. हाड तारीख सांगत नाहीं. तारीख माणसांनाच सांगावी लागते.

हें सर्व आम्ही इतक्या विस्तारानें लिहितों त्याचें कारण त्याच वर्षीं, विश्वचषकाच्या दोन महिने आधीं, असाच एक रकाना भरण्याची पाळी आमच्यावर आली होती.

महाराष्ट्रांतील शाळांच्या जनरल रजिस्टरांत १ जून ही तारीख किती वेळां येते, हें ज्यांनीं तीं चाळलीं आहेत त्यांस सांगावयास नको. पूर्वीं बाप मुलाला घेऊन शाळेंत येई, गुरुजी जन्मतारीख विचारीत, बाप म्हणे, “त्या मोठ्या पावसाच्या सालीं झाला.” गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो कीं नाहीं तें पाहात, सहा वर्षें मोजीत, आणि १ जून लिहून मोकळे होत. त्यांत कोणाचें कपट नसे. गांवेंच्या गांवें अशीं एका दिवशीं जन्मलेलीं आहेत. आमचा स्वतःचा वाढदिवसही सरकारी कागदांत १ जूनच आहे.

आमच्या संघाचा गोलरक्षक त्या वर्षीं अकरावींत होता. त्याचें नांव येथें लिहीत नाहीं. ही हकीकत छापण्यास त्यानें परवानगी दिली आहे, परंतु ह्याच अटीवर. असा गोलरक्षक आमच्या शाळेला पुन्हां मिळाला नाहीं. हात लांब, नजर स्थिर, आणि चेंडू सुटला तर दुसऱ्यावर न ओरडण्याची दुर्मिळ संवय. जिल्ह्यांतील शाळांच्या स्पर्धेला विश्वचषकाचें वर्ष म्हणून विश्वचषकाचाच नियम लाविला होता: १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर. शाळेच्या रजिस्टराप्रमाणें त्याची जन्मतारीख १ जून २०००. सर्व कसें चोख होतें.

परंतु त्याच उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या पाळकसाहेबांनीं आम्हांस एक काम सांगितलें होतें. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचें जुनें पुस्तक फार जीर्ण झालें होतें, पानें हातांत तुटत होतीं. तें सगळें संगणकावर उतरवून काढावयाचें होतें. नोंदी उतरवितां उतरवितां आम्ही १९९९ च्या नाताळापाशीं आलों. त्या दिवशीं तीन बालकांचे बाप्तिस्मे झाले होते, व तिसरें नांव आमच्या गोलरक्षकाचें. जन्म ९ नोव्हेंबर १९९९. बाप्तिस्मा २५ डिसेंबर १९९९. त्या उपासनेला आम्ही स्वतः हजर होतों. पाण्याचा स्पर्श होतांच त्या पोरानें जो सूर लाविला त्यापुढें आमच्या गायनमंडळाचा आवाज कोणास ऐकूं गेला नाहीं, हेंही आठवलें. शाळेच्या कागदाप्रमाणें पाहिलें तर हा मुलगा जन्मापूर्वीं पांच महिने बाप्तिस्मा घेऊन बसला होता.

१ जानेवारीच्या आधीं त्रेपन्न दिवस. दोन महिनेसुद्धां नाहींत!

प्रवेशपत्रिकेवर दोन सह्या लागत. पहिली मुख्याध्यापकांची, ‘वरील तारखा शाळेच्या रजिस्टराबरहुकूम आहेत’ म्हणून. ती तर अक्षरशः खरी होती. दुसरी व्यवस्थापकाची: ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणें सत्य आहे.’ ती सही आमची. आम्हीं तो कागद चार दिवस टेबलाच्या खणांत ठेविला. उन्हाळ्यांत तें पुस्तक हातीं आलेंच नसतें तर बरें झालें असतें, असेंही मनांत येऊन गेलें, हें कबूल करतों. चौथ्या दिवशीं मुलाच्या वडिलांना बोलावून घेतलें. आमचा त्यांचा लहानपणापासूनचा घरोबा आहे.

“सलाम, मास्तर,” असें म्हणून ते बसले. आम्हीं सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “सरकारचा कागद खरा, कीं मंडळीचें पुस्तक?”

आम्हीं म्हटलें, “तुम्हीच सांगा. मुलगा केव्हांचा?”

“मुलगा नोव्हेंबरचा. त्याच्या आईला विचारा, वारसुद्धां सांगेल. पण दहावीच्या दाखल्यावर जून आहे, आधारकार्डावर जून आहे. उद्यां नोकरीला लागला तर तेथेंही जूनच चालणार. सगळीकडे जून चालतो, आणि तुमच्या एका चेंडूच्या खेळालाच तेवढा नोव्हेंबर पाहिजे काय?” आणि मग किंचित् थांबून ते म्हणाले, “मास्तर, तुमचीही तारीख एक जूनच ना? निवृत्तीच्या वेळीं तुम्ही कोणता कागद दाखविणार?”

आम्ही निरुत्तर झालों. त्याच पुस्तकाच्या मागच्या एका खंडांत आमचीही नोंद आहे, आणि ती फेब्रुवारीची आहे. म्हणजे सरकारदरबारीं आम्ही चार महिन्यांनीं धाकटे आहों, आणि त्या चार महिन्यांचा पगार एक दिवस आम्हांस मिळावयाचा आहे. दाखल्यावरील तारीख इतक्या वर्षांनीं बदलतां येत नाहीं, नियम तसा आहे, सर्वांचें तसेंच चालतें, हीं उत्तरें आमच्याजवळ होतीं. तीं सर्व खरीं होतीं. परंतु तींच उत्तरें समोरचा मनुष्यही देत होता. त्या प्रश्नाचें नीट उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं, आणि आजही येत नाहीं.

आम्ही एवढेंच म्हणालों, “त्या कागदावर मला कोणी विचारलें नव्हतें. ह्या कागदावर मला विचारलें आहे.”

ते उठले. जातांना ‘सलाम’ म्हणाले नाहींत.

मुलाला आम्हींच सांगितलें, तेंही सायंकाळीं मैदानावर, सर्व मुलें गेल्यावर. तो रागावेल, रडेल, अशी आमची कल्पना होती. तसें कांहीं झालें नाहीं. त्यानें हातमोजे काढले, एकांत एक घातले, आणि विचारलें, “माझ्या जागीं कोणाचें नांव घालतां, सर?” आम्हीं नववींतल्या एका मुलाचें नांव सांगितलें. तो म्हणाला, “त्याला उंचावरचा चेंडू दिसत नाहीं.” तें खरें होतें. दुसऱ्याच सामन्यांत उंचावरच्या चेंडूंनीं आमच्यावर चार गोल झाले व आमचा संघ स्पर्धेंतून बाहेर पडला. त्यानंतर आमचा गोलरक्षक आम्हांस वाटेंत भेटला कीं मान खालीं घालून जाऊं लागला. संघांतील इतर मुलें तोंडावर कांहीं बोलत नसत. पण वर्गांत आम्ही सत्यावर एखादा उतारा शिकवूं लागलों कीं मागच्या बाकांवर जी शांतता पसरे ती आम्हांस ओळखतां येई. मुख्याध्यापकांनीं दोष दिला नाहीं. शाबासकीही दिली नाहीं.

दिवाळीच्या सुटींत, ता. २५ ऑक्टोबरला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर माली व स्पेन ह्यांचा उपांत्य सामना होता. संघांतील मुलांना तो दाखवावा असें आम्हीं आधींच ठरविलें होतें. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं फळ्याशेजारीं लाविलेल्या कागदावर नांव लिहावें, असें सांगितलें. सुटी लागण्याच्या दिवशीं कागद काढला, तों अकरा नांवांच्या खालीं, थोडी जागा सोडून, बारावें नांव त्याच्या अक्षरांत होतें.

एस. टी. नें आम्ही दुपारीं पनवेलला उतरलों. प्रवासांत तो आमच्याशीं बोलला नाहीं. आम्हींही बोलविलें नाहीं. खेळ रात्रीं आठाला सुरू झाला. मालीचीं मुलें अंगानें दणकट व पायांनीं वाऱ्यासारखीं. स्पेनचीं मुलें चेंडू एकमेकांकडे अशीं देत होतीं कीं जणूं पाढे म्हणत आहेत. स्पेनच्या कर्णधारानें, आबेल रुईझनें, पहिल्या अर्धांत दोन गोल केले. माली हटेना. योगायोगानें गोलरक्षक आमच्या शेजारच्या खुर्चीवर आला होता. तो सारा वेळ चेंडूकडे न पाहतां गोलरक्षकांच्या पायांकडेच पाहात होता.

दुसऱ्या अर्धांत मालीच्या एका मुलानें दुरून असा एक फटका मारला कीं चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या अंगाला लागून खालीं आपटला आणि उसळून बाहेर आला. स्टेडियमभर एकच कल्लोळ झाला. मालीचे खेळाडू हात उंचावून धांवले. पंचांनीं मान हलविली, खेळ पुढें चालू झाला. चेंडू रेषेच्या पूर्ण आंत पडला होता. मागाहून चित्रांत तें स्पष्ट दिसलें. पण त्या स्पर्धेंत चेंडूनें रेषा ओलांडली कीं नाहीं हें पाहणारें यंत्र नव्हतें, आणि पंचांचा शब्द तोच शेवटचा.

आमच्या शेजारून आवाज आला, “सर, आंत होता.”

दोन महिन्यांत त्यानें आमच्याशीं बोललेलें तें पहिलें वाक्य. आम्हीं म्हटलें, “हो. आंत होता.”

“मग लिहिणार नाहींत?”

“लिहिणार नाहींत.”

तो पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. पुढें स्पेननें तिसरा गोल केला, मग मालीनेंही एक परत केला, आणि सामना तीन-एक असा संपला. सर्व पुस्तकांत तसाच लिहिलेला आहे. बाहेर पडतांना गर्दींत मुलें हरवूं नयेत म्हणून आम्ही दर पन्नास पावलांवर थांबून नांवें पुकारीत होतों. त्याचें नांव पुकारलें तेव्हां त्यानें वर्गांतल्यासारखें “हजर” म्हटलें, आणि सगळीं मुलें हसलीं. आम्हीही हसलों. पनवेलच्या स्थानकावर वडापाव घेतांना तो हळूच म्हणाला कीं, मालीचा तो फटका आपल्याला मुळींच अडवितां आला नसता.

सुटीनंतर तो सायंकाळीं मैदानावर येऊं लागला, आणि त्या नववींतल्या मुलाला उंचावरचा चेंडू शिकवूं लागला. वडिलांनीं मात्र ‘सलाम’ पुन्हां सुरू करावयास ईस्टरपर्यंतचा वेळ घेतला.

त्या विश्वचषकाच्या याद्यांतील मुलें आतां मोठीं झालीं. इंग्लंडचा फिल फोडन, स्पेनचा फेरान टोरेस हीं नांवें दूरचित्रवाणीवर ऐकूं आलीं कीं आम्ही ती जुनी वही काढून पाहतों. आपल्या एकवीसांपैकीं जॅक्सन, सुरेश सिंग, लालेंगमाविया व अन्वर अली हे पुढें देशाच्या मोठ्या संघांतून खेळले. अन्वर अलीच्या हृदयांत दोष आढळून त्याला मध्यें खेळावयाची मनाई झाली होती. न्यायालयापर्यंत जाऊन तो परत मैदानावर आला. २०२२ सालीं मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही आपल्याकडेच झाला. त्या संघाची कर्णधार अस्तम उरांव झारखंडांतील गुमला जिल्ह्याची. तिच्या गांवीं तिच्याच मानासाठीं रस्ता बांधावयास घेतला, तेव्हां त्यावर तिचे आईबाप रोजंदारीनें खडी वाहात होते. ती यादीही आमच्या वहींत आहे. २०२५ सालापासून मुलांची स्पर्धा दरवर्षीं भरूं लागली असून संघ चोवीसांचे अठ्ठेचाळीस झाले आहेत. वहीचीं पानें पुरणार नाहींत, आणि वर्तमानपत्रें तर याद्या छापीनाशींच झालीं आहेत.

गेल्या जूनमध्यें पांचवीच्या प्रवेशाचें काम आमच्याकडे होतें. रांगेंत एक उंच तरुण एका लहान मुलाचा हात धरून उभा होता. आम्हीं लगेच ओळखलें. तो आतां एका कारखान्यांत नोकरीस आहे. मुलगा त्याचा पुतण्या. त्यानें नगरपालिकेचा जन्माचा दाखला टेबलावर ठेविला, बोटानें तारखेवर टिचकी मारली, आणि म्हणाला, “सर, एवढी नीट पाहून घ्या.”

आम्हीं तारीख दोनदां वाचून रजिस्टरांत लिहिली. सप्टेंबरची होती. मग त्या मुलाच्या लांब हातांकडे पाहून आशेनें विचारलें, “हाही गोलरक्षकच काय?”

“नाहीं सर,” तो ओशाळून म्हणाला, “ह्याला क्रिकेट आवडतें.”